ओपिऑइडचं व्यसन : प्राण्यांमधले वैयक्तिक फरक

मॉर्फिन, हेरॉइन, ऑक्सिकोडोन ही सगळी ओपिऑइड कुळातली (अफूसारखा परिणाम करणारी) औषधं, रोज देत राहिलं तर जवळपास प्रत्येक उंदराच्या शरीराला सवय लागते आणि अचानक बंद केली की जुलाब, अंग झटकणं, वजन उतरणं सुरू होतं. पण ही झाली शरीराची सवय. व्यसन म्हणजे इतर सगळं सोडून औषधाच्याच मागे लागणं, आणि ते सगळ्यांना सारखं लागत नाही. कोणाला लागतं, कोणाला नाही आणि का, हा या संशोधनाचा विषय आहे.

१९६२ मध्ये जेम्स वीक्स यांनी रॅटच्या (मोठ्या जातीच्या उंदराच्या) शिरेत नळी बसवून त्याने पिंजऱ्यातली कळ दाबली की मॉर्फिन आपोआप आत जाईल अशी पद्धत प्रसिद्ध केली, आजचे बरेच प्रयोग तिच्यावरच उभे आहेत. फक्त सरासरी काढली की कोण किती बळी पडला हे त्यात बुडून जातं, आणि माझ्या मते खरी माहिती तिथेच असते.

आधी प्रयोगशाळेत वाढवलेल्या उंदरांच्या जाती-जातींची तुलना झाली. लुईस जातीचे रॅट फिशर ३४४ पेक्षा मॉर्फिन पटकन आणि जास्त घेतात, शिवाय दोघांची ताणाला मिळणारी हार्मोनची प्रतिक्रियाही वेगळी आहे. माऊसमध्ये (छोट्या उंदरात) सी-५७ ब्लॅक-६ जात मॉर्फिन मिसळलेलं गोड पाणी भरपूर पिते, डीबीए/२ ही जात ते टाळते. इथे सावध राहायला हवं कारण मॉर्फिन कडू असतं, मग टाळणं चवीमुळे की परिणामामुळे हे नुसत्या पिण्यावरून कळत नाही. म्यू रिसेप्टरचं (पेशीवर मॉर्फिन जिथे चिकटतं त्या जागेचं) जीन काढून टाकलेल्या माऊसना मात्र मॉर्फिनची ओढच राहत नाही, हे १९९६ मध्ये दिसलं.

आता भर आहे तो हेटेरोजिनियस स्टॉक रॅटवर. १९८४ मध्ये आठ जाती मिसळून ही वसाहत तयार केली, त्यामुळे यातला प्रत्येक प्राणी जनुकांनी वेगळा, माणसांसारखाच. यात किती औषध घेतलं एवढंच बघत नाहीत, त्यासाठी किती मेहनत केली, बंद केल्यावर किती शोधलं हे सगळं एकत्र धरून कोण व्यसनाला जास्त बळी पडतो ते ठरवतात.

परिसराचाही वाटा आहे. कॅनडात ब्रूस अलेक्झांडर यांच्या 'रॅट पार्क' प्रयोगात मोकळ्या जागेत सोबतीने राहणारे रॅट एकट्या पिंजऱ्यातल्यांपेक्षा कमी मॉर्फिन प्यायले. पण पुढे तो पुन्हा करून पाहिला तेव्हा तसा फरक मिळाला नाही, आणि मधल्या काळात रॅटची वंशावळच बदलली असावी अशी शंका तेव्हा मांडली गेली.