अर्बुदमापन

शरीरातील गाठीचा, म्हणजे अर्बुदाचा, आकार सीटी, एमआरआय किंवा सोनोग्राफीच्या प्रतिमांवरून मोजणे. आधी शस्त्रक्रिया की आधी केमो, चालू औषध पुढे न्यायचे की बदलायचे, हे बरेचसे या मापावर ठरते. बोलीत गाठ बोराएवढी, लिंबाएवढी, नारळाएवढी असते. जुन्या डॉक्टरांचे हाताने घेतलेले मापही याहून फार पक्के नव्हते. १९७६ मध्ये मोर्टेल आणि हॅन्ली यांनी फोमच्या थराखाली १२ गोळे ठेवून १६ अनुभवी कर्करोगतज्ज्ञांना ते चाचपून मोजायला लावले, तर एकाच गोळ्याची मापे माणसागणिक बदलली.

सीटीने पहिल्यांदा माणसाचा मेंदू दाखवला तो १९७१ मध्ये. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत गाठीच्या काटकोनातील दोन व्यासांचा गुणाकार धरत. २००० मध्ये आलेल्या आणि २००९ मध्ये सुधारलेल्या ‘रेसिस्ट’ निकषांनी एकच, सर्वांत लांब व्यास पुरेसा मानला. सीटीचे काप, म्हणजे शरीराच्या आडव्या छेदांच्या प्रतिमा, ५ मिमी किंवा त्याहून पातळ असतील, तर किमान १० मिमीची गाठ मोजण्याजोगी. लसिकाग्रंथी मुळातच लांबट असते, म्हणून तिचा आखूड व्यास घेतात आणि तो १५ मिमी तरी लागतो. एकूण पाच, एका अवयवातील फार तर दोन गाठी निवडून व्यासांची बेरीज करतात. ती ३० टक्के घटली तर अंशतः प्रतिसाद. आजवरच्या सर्वांत कमी बेरजेपेक्षा २० टक्के आणि किमान ५ मिमी वाढली तर आजार वाढला. ३० टक्के ऐकून नातेवाईक हिरमुसतात. पण गोल गाठीचा व्यास तेवढा घटला की घनफळ जेमतेम तिसरा हिस्सा उरते.

माप चुकते ते बहुतेकदा तुलनेत. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात (स्थापना १९४१) खानदेश-विदर्भापासून रुग्ण येतात, तेव्हा पहिला सीटी अनेकदा गावाकडच्या सेंटरचा असतो आणि दुसरा इथल्या मशीनवरचा. कापांची जाडी वेगळी, कॉन्ट्रास्ट (गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून देतात ते द्रव्य) सोडल्यावर किती सेकंदांनी चित्र घेतले तेही वेगळे. यकृतातली तीच गाठ एका वेळी ठळक दिसते, दुसऱ्या वेळी जवळपास नाहीशी होते. म्हणून रेडिओलॉजिस्ट रिपोर्टच्या कागदावर न थांबता जुनी सीडी मागतो आणि शक्यतो दोन्ही मापे स्वतःच घेतो. धर्मशाळेत सामानाची एखादी पिशवी राहिली तरी चालेल, पहिल्या स्कॅनची सीडी राहू नये.

तंबाखू, मिश्री, गुटखा यांमुळे आपल्याकडे तोंडाच्या गाठी पुष्कळ, आणि त्या मोजणे अवघड. गालाची आतली बाजू हिरडीला चिकटलेली असते. साध्या सीटीत गाठ नेमकी गालाची की हिरडीची, हेच कळत नाही. त्यावरचा उपाय अगदी बिनखर्ची: स्कॅनच्या वेळी रुग्णाला गाल फुगवून धरायला सांगतात. मधल्या हवेमुळे दोन्ही पृष्ठभाग सुटे होतात आणि गाठीची जाडी उघडी पडते. अर्थात तंबाखूने तोंड उघडेनासे झालेल्यांना हेही जड जाते. दातांत धातू भरलेला असेल तर प्रतिमेवर पट्टे उमटतात. जिभेसाठी एमआरआय बरा. तिथे लांबीइतकीच खोली महत्त्वाची आहे: २०१८ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात २ सेंमीच्या आतली गाठही ५ मिमीपेक्षा खोल गेली असेल तर पहिल्या पायरीवर राहत नाही. ही खोली शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली ठरते. एमआरआय आधी अंदाज देतो.

आकार सगळेच सांगत नाही. इमॅटिनिब हे औषध दिल्यावर जठर-आतड्यातील जिस्ट गाठ आतून विरते, पण लवकर आटत नाही. म्हणून २००७ च्या चोई निकषांत सीटीवरील घनता १५ टक्के घटली तरी प्रतिसाद धरतात. प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या औषधांनी काही गाठी आधी फुगून मग ओसरतात. २०१७ च्या ‘आय-रेसिस्ट’नुसार अशी वाढ दिसली तर ४ ते ८ आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करून खात्री करतात.