संपादक कोण? कोल्हापुरातल्या शाळकरी बातमीदारीची पार्श्वभूमी

शाळकरी मुलं स्वतः बातमी शोधतात, तपासतात आणि गल्लीपुरती का होईना, लोकांपर्यंत पोचवतात, तेव्हा आपण त्यांना 'बालपत्रकार' म्हणून मोकळे होतो. त्या शब्दात कौतुक आहे, अधिकार नाही. अडतं ते 'संपादक' या शब्दापाशी.

६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' हे पहिलं मराठी वृत्तपत्र निघालं तेव्हा त्याचे संपादक जेमतेम विशीचे होते. पुढे १८८२ मध्ये कोल्हापूरच्या कारभाऱ्यांविषयीच्या मजकुरावरून पुण्याच्या दोन संपादकांना चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. दोघंही २६ वर्षांचे. संपादक म्हणजे छापलेल्या शब्दापायी आत जाणारा माणूस, हा अर्थ आपल्या मनात तेव्हापासून मुरलेला आहे.

कायद्यालाही तोच अर्थ हवा होता. १८६७च्या वृत्तपत्र नोंदणी कायद्यातल्या तरतुदीनुसार सज्ञान नसलेल्याला वृत्तपत्राचं डिक्लरेशन, म्हणजे ते काढण्यासाठीचं अधिकृत निवेदन, देता येत नसे, संपादनही करता येत नसे. १ मार्च २०२४ला नवा कायदा येईपर्यंत तोच कायदा चालला. पोराला कोर्टाची पायरी चढायला लावू नये, हे मला पटतं. पण काय छापायचं आणि काय अडवायचं हे ठरवणं हेही संपादनच. जबाबदारीसोबत तो हक्कही मोठ्यांकडे गेला. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क कराराचं १३वं कलम मुलांनाही माहिती मिळवण्याचं आणि देण्याचं स्वातंत्र्य देतं, आणि भारताने तो करार ११ डिसेंबर १९९२ला मान्य केला. आपल्या शाळांच्या रोजच्या व्यवहारात ते फारसं उतरलं नाही.

कायद्याचा रोख छापील कागदावर होता, त्यामुळे शाळेची हस्तलिखितं आणि भित्तिपत्रकं त्यातून सुटली. मात्र त्यांत कविता, निबंध, सहलीचं वर्णन. शाळेच्या नळाला पाणी नाही, हे कोण लिहू देणार? पेठांमधल्या तालमींचे, मंडळांचे फळे जास्त मोकळे होते. ज्याचं अक्षर चांगलं, त्याच्या हाती खडू.

खरं वळण पुरानं आणलं. पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी, हे आकडे इथल्या दहावीतल्या पोरालाही तोंडपाठ असतात. ऑगस्ट २०१९च्या महापुरात फोन बहुतेक आईवडिलांच्या हाती होता. २०२०च्या टाळेबंदीत ऑनलाइन तासांच्या निमित्ताने तो मुलांकडे आला आणि जुलै २०२१ला पंचगंगा पुन्हा चढली तेव्हा तो त्यांच्याकडेच होता. पाणी कुठवर आलंय, कुठला रस्ता बंद झाला, राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले, याची विचारणा घराघरांत सुरू होती. त्याच वेळी २०१९चे व्हिडिओ आत्ताचे म्हणून फिरत होते.

अशा वेळी 'आधी बघून ये, मग टाक' असं दोस्ताला सांगणारी नववीतली मुलगी जे करते, त्याला संपादनाखेरीज दुसरं नाव मला सुचत नाही. शाळेच्या अंकावर संपादक म्हणून नाव मात्र अजूनही बहुधा सरांचं असतं. ते का, हे विचारलं की 'काही झालं तर' एवढंच उत्तर येतं.