थिबा पॅलेस परिसर (रत्नागिरी)

रत्नागिरी शहराच्या दक्षिण अंगाला, भाट्ये खाडीच्या काठावर उभ्या राहिलेल्या जांभ्या दगडाच्या टेकडीवरचे उपनगर. नाव राजवाड्याचे असले, तरी रिक्षात बसून ‘थिबा पॅलेसला घ्या’ म्हणणाऱ्याला बहुधा राजवाडा नको असतो, आपले घर हवे असते. जुनी वस्ती आणि बाजार ‘खाली’, हा भाग ‘वर’, अशी रत्नागिरीकरांची सोपी विभागणी आहे.

नोव्हेंबर १८८५ मध्ये तिसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धात ब्रह्मदेशाचा (आजच्या म्यानमारचा) शेवटचा राजा थिबा पदच्युत झाला. त्याला आधी मद्रासला नेले आणि १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवले. त्या वेळी इथे रेल्वे नव्हती, पावसाळ्यात आगबोटीही बंद असत. नजरकैदेसाठी इंग्रजांना याहून सोयीचे ठिकाण मिळणे अवघडच होते. सुरुवातीची जवळजवळ पंचवीस वर्षे राजा सरकारने दिलेल्या बंगल्यांत राहिला. टेकडीवरचा राजवाडा १९१० मध्ये पुरा झाला. उतरत्या छपरांची ही तीन मजली लाल वास्तू, तिच्या अर्धवर्तुळाकार, कोरीव लाकडी खिडक्या आणि संगमरवरी फरशीचे नृत्यदालन आजही पाहता येते. मागच्या बाजूला राजाने सोबत आणलेली बुद्धमूर्ती आहे. एवढ्या थाटाच्या घरात राजाला मिळाली जेमतेम सहा वर्षे. डिसेंबर १९१६ मध्ये तो वारला, १९१९ मध्ये कुटुंब ब्रह्मदेशी परतले. थोरली राजकन्या मात्र पुढे पुन्हा रत्नागिरीत आली आणि इथेच राहिली. राजाची समाधी राजवाड्याच्या आवारात असेल अशी पाहुण्यांची समजूत असते. ती आहे शिवाजीनगर भागात. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिथे येऊन गेले.

राजवाड्यात आता पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. टेकडीच्या कडेला थिबा पॉइंट आणि जिजामाता उद्यान. इथून खाडीचे मुख, भाट्याचा पूल, राजिवड्याची मच्छीमार वस्ती आणि पलीकडचे माड एका नजरेत येतात. संध्याकाळी कठड्याला टेकायला जागा मिळत नाही. नाटक, सामने यांसाठी मारुती मंदिर भाग जवळ पडतो. सावरकर नाट्यगृह आणि शिवाजी स्टेडियम तिकडेच. शहरी एसटी आणि रिक्षा यांवर बहुतेकांचे भागते. मोठ्या खरेदीला अजूनही ‘खाली बाजारात’ उतरावे लागते.

इथली खरी गोष्ट पाण्याची आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस झेलणाऱ्या या टेकडीवर मे महिन्यात टँकरची वाट पाहिली जाते. दोष जांभ्याचा. हा दगड भोकाभोकांचा. पडलेले पाणी तो धरून ठेवत नाही, खाली सोडून देतो. त्यामुळे पायथ्याच्या आगरांतल्या (माडा-पोफळीच्या बागांतल्या) विहिरींना पाणी आणि वरच्या बंगल्यांना नळाचा आधार, अशी वाटणी झाली. शहराला मुख्यतः शीळ धरणाचे पाणी येते, आणि धरण खाली गेले की चढावरच्या घरांना ते आधी कळते. घर घेताना समुद्र दिसतो का हे पाहुणा विचारतो; इथला माणूस आधी टाकी किती लिटरची ते विचारतो.

तोच जांभा बांधकामाला मात्र सोन्यासारखा. खाणीतून निघालेला चिरा ओला असताना तासता येतो आणि वाऱ्या-उन्हात कडक होत जातो. जुन्या घरांच्या भिंती, कुंपणाचे गडगे, उतारावरच्या पाखाड्या (दगडी पायऱ्यांच्या वाटा), सगळे त्याचेच. पहिल्या पावसानंतर पंधरा दिवसांत या पायऱ्यांवर शेवाळ चढते आणि गणपतीपर्यंत उतरत नाही, म्हणून पावसाळ्यात जाणती माणसे पाखाडी सोडून डांबरी वळणाने जातात, दहा मिनिटे जास्त लागली तरी.