स्नॅप आणि विक: दोन कार्डं, दोन उलट्या याद्या

1 जानेवारी 2026 पासून नेब्रास्का, आयोवा, इंडियाना, यूटा आणि वेस्ट व्हर्जिनिया या पाच अमेरिकी राज्यांत स्नॅपच्या, म्हणजे सरकारी अन्न-मदतीच्या, कार्डावर सोडा (कोकसारखी गोड शीतपेयं) मिळेनासा झाला. या विषयावर वाद पेटला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: 'विकमध्ये तर कोक कधीच मिळत नव्हता. तिथे चालतं, मग स्नॅपला काय धाड भरलीय?' ऐकायला बिनतोड आहे. पण यात स्नॅप आणि विक (गरोदर बायका, बाळंतिणी आणि लहान मुलांसाठीची योजना) या दोन योजनांची गल्लत झालेली असते, आणि ती व्हावी यात नवल नाही. दोन्ही योजना अमेरिकेच्या कृषी खात्याच्या, दोन्ही कमी उत्पन्नाच्या घरांसाठी, दोन्हींचं कार्ड दुकानातल्या मशीनमध्ये सरकवायचं. पुष्कळ घरांत तर दोन्ही कार्डं एकाच पाकिटात असतात.

आधी स्नॅप. जुनं नाव फूड स्टॅम्प. 1964 च्या कायद्याने ही योजना कायमची झाली आणि 2008 मध्ये तिचं नाव बदललं. 2024 मध्ये महिन्याला चार कोटींहून जास्त लोक तिचा लाभ घेत होते. तेव्हा महिन्याला माणशी सरासरी साधारण 187 डॉलर पडत होते. मुळात हे पैसे आहेत, फक्त खाण्यापुरते बांधलेले. काय घ्या हे कायदा सांगत नाही, काय घेता येणार नाही एवढंच सांगतो: दारू, तंबाखू, औषधं, व्हिटॅमिनच्या गोळ्या, साबण, डायपर, कुत्र्यामांजरांचं खाणं आणि दुकानात गरमागरम विकले जाणारे पदार्थ. मूळ कायद्यात खाण्यापिण्याचं उरलेलं सगळं चालतं.

न्यू जर्सीतल्या एखाद्या देशी दुकानात हे नीट दिसतं. तूरडाळ, पोहे, गूळ, शेव, गुलाबजामचा डबा, सगळं या कार्डावर घेता येतं. काउंटरवरचा गरम समोसा नाही, फ्रीझरमधला गोठवलेला मात्र चालतो. कढीपत्त्याचं रोप चालतं, कारण खाण्याजोगं काही देणाऱ्या रोपांना आणि बियाण्यांना मुभा आहे. अगरबत्ती नाही. च्यवनप्राशाच्या बाटलीवर 'सप्लिमेंट फॅक्ट्स' असा तक्ता छापलेला असेल तर तोही नाही. म्हणजे आत काय आहे यापेक्षा लेबलवर काय छापलंय यावर निर्णय होतो. हे लक्षात असू द्या, पुढे कामाला येईल.

आता डब्ल्यूआयसी, बोलताना 'विक'. 1972 मध्ये प्रयोग म्हणून मंजूर झालेली ही योजना 1974 मध्ये केंटकीतल्या पाइनव्हिलला प्रत्यक्षात सुरू झाली आणि 1975 मध्ये कायम झाली. गरोदर बायका, बाळंतिणी, तान्ही बाळं आणि पाच वर्षांच्या आतली मुलं एवढ्यांसाठीच ती आहे. नुसतं उत्पन्न कमी असून भागत नाही. क्लिनिकमध्ये वजन-उंची घेतात, रक्तातलं लोह बघतात, आहार विचारतात, आणि त्यावरून कोणाला काय द्यायचं ते ठरतं. आपल्याकडे याच्या जवळचं काही शोधायचं तर रेशनचं दुकान नव्हे, अंगणवाडी आठवावी: तिथेही गरोदर बाईला आणि लहानग्याला वजन करून, नोंद ठेवून ठरलेला आहार मिळतो.

विकच्या कार्डावर मुख्यतः डॉलर नसतात, वस्तू असतात. इतकं दूध, इतकी अंडी, एवढं सुकं कडधान्य, एवढं सिरियल. फळं-भाज्यांपुरती तेवढी रक्कम ठरलेली: 2024 मध्ये मुलाला महिना 26 डॉलर, गरोदर बाईला 47, अंगावर पाजणाऱ्या आईला 52. सिरियलमध्ये साखर किती असावी आणि लोह किती असावं, हेसुद्धा ठरलेलं. तांदूळ ब्राउन चालतो, पांढरा नाही. वरणभातावर वाढलेल्या घराला मसूर कार्डावर मिळतो आणि भाताचे पैसे खिशातून जातात. शिवाय राज्य ठरवतं की कोणता ब्रँड आणि कोणतं माप. पीनट बटरची साधी लहान बरणी स्कॅन होते, तिच्याच शेजारची मोठी बरणी होत नाही. मग रांग थांबते, बाळ कडेवर रडत असतं आणि आई पुन्हा शेल्फकडे जाते. महिना संपला की न उचललेल्या वस्तू बुडतात. स्नॅपचे पैसे पुढच्या महिन्यात सरकतात.

तेव्हा विकने कोकवर बंदी घातलेली नाही. विकने कोक देऊ केलाच नव्हता, जसा तिने बटाटेवडाही देऊ केला नव्हता. यादीबाहेरचं सगळंच बाहेर. स्नॅपमध्ये उलट, यादीबाहेरचं सगळंच आत. एकीकडे सोडा नसणं हा रचनेचा सहज परिणाम आहे; दुसरीकडे तो वगळायचा तर आधी सोडा म्हणजे नेमकं काय, हे कायद्याच्या भाषेत लिहावं लागतं.

आणि घोडं तिथेच अडतं. आयोवाने नवी व्याख्या करण्याऐवजी आपले विक्रीकराचे नियम उचलले: ज्या खाद्यपदार्थावर विक्रीकर लागतो तो स्नॅपमध्ये नाही. पण त्या नियमांत एखाद्या गोळी-चॉकलेटमध्ये पीठ असेल तर ती कँडी ठरत नाही. त्यामुळे साध्या चॉकलेटची वडी बाद आणि वेफर असलेलं किटकॅट पास. दोन्हींतली साखर कोणत्या आईला वेगळी वाटेल? इंडियानाने सोड्याबरोबर कँडीही वगळली, नेब्रास्काने सोडा आणि एनर्जी ड्रिंक. राज्य बदललं की यादी बदलते, आणि ती पाळायची जबाबदारी गल्ल्यावरच्या माणसाची.

हा विचार काही नवा नाही. 1964 चा कायदा होत असतानाच प्रतिनिधीगृहाच्या मसुद्यात शीतपेयं वगळलेली होती. सिनेटने ते कलम टिकू दिलं नाही. पुढे मिनेसोटाने 2004 मध्ये आणि न्यूयॉर्क शहराने 2010 मध्ये तशी परवानगी मागितली, कृषी खात्याने दोन्ही वेळा नकार दिला. मे 2025 मध्ये कृषिमंत्री ब्रूक रॉलिन्स यांनी नेब्रास्काला पहिला होकार दिला आणि मग रांगच लागली.

गंमत अशी की यादीमागे दरवेळी आरोग्यच असतं असं नाही. 1939 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला पहिले फूड स्टॅम्प निघाले तेव्हा एक डॉलरचे नारिंगी स्टॅम्प विकत घेतले की पन्नास सेंटचे निळे फुकट मिळत, आणि निळ्यांवर फक्त सरकारने जादा ठरवलेला शेतमाल घेता येई. शेतकऱ्याचा पडून राहिलेला माल उठावा ही त्यातली खरी निकड. 1964 च्या कायद्याने परदेशातून आलेला माल, पाकिटावरून तसा ओळखू येत असेल तर, वगळला होता. तो नियम पुढे रद्द झाला, नाहीतर भारतातून आलेली तूरडाळ आज दारूच्या रांगेत बसली असती. विकही धुतल्या तांदळाची नाही. 2009 मध्ये तज्ज्ञांच्या शिफारशीवरून फळं-भाज्या यादीत आल्या पण पांढरा बटाटा वगळला गेला, कारण लोक तो तसाही भरपूर खातात. बटाटा उत्पादकांनी काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, पाठपुरावा केला आणि 2014 च्या अखेरीस कायद्यानेच बटाटा आत आणला.

विकच्या बाबतीत यादीची ताकद आणि तिचा धोका दोन्ही बाळाच्या फॉर्म्युल्यात, म्हणजे डब्याच्या दुधात, दिसतात. देशात खपणाऱ्या फॉर्म्युल्यापैकी अर्ध्याहून जास्त विकमार्फत जातो. राज्य एका कंपनीशी करार करतं, कंपनी घसघशीत परतावा देते, आणि वाचलेल्या पैशांतून आणखी बाळांना मदत होते. हिशेब चोख आहे. पण फेब्रुवारी 2022 मध्ये फॉर्म्युला बनवणाऱ्या ॲबट कंपनीचा मिशिगनमधला स्टर्जिसचा कारखाना बंद पडला, तेव्हा ज्या राज्यांचा करार ॲबटशी होता तिथल्या आयांच्या कार्डावर तोच एक ब्रँड आणि शेल्फवर तोच नाही. अशा वेळी नियम सैल करता यावेत म्हणून मे महिन्यात वेगळा कायदा झाला.

मग स्नॅपवरची बंदी उपयोगी पडते का? कृषी खात्याने 2016 मध्ये एका मोठ्या दुकानसाखळीची 2011 ची बिलं तपासून अहवाल काढला होता. स्नॅपच्या घरांत किराणा खर्चाच्या साधारण 9.3 टक्के रक्कम गोड पेयांवर गेली होती, बाकीच्या घरांत 7.1 टक्के. बंदीच्या बाजूचे यातला पहिला आकडा दाखवतात, विरोधक दुसरा. मला त्यातून एवढंच दिसतं की सवय गरिबांची नाही, देशाची आहे. शिवाय स्नॅपमधला पहिला 'स' सप्लिमेंटलचा. बहुतेक घरं किराण्यात स्वतःचे पैसेही घालतात. सोड्याचे दोन डॉलर कार्डावरून नाही गेले तर खिशातून जातील आणि खिशातून जाणारे दुधाचे पैसे कार्डावर येतील; बिल तेच. मॅसॅच्युसेट्समध्ये 2011-12 मध्ये उलटा प्रयोग झाला होता. ठरावीक फळं-भाज्यांवर खर्चलेल्या दर डॉलरमागे 30 सेंट कार्डावर परत. तिथे त्या फळं-भाज्यांचं खाणं 26 टक्क्यांनी जास्त निघालं. माझं मत विचाराल तर मी पैसे या बाजूला लावीन. साखरेच्या पाण्याची बाजू घ्यायची म्हणून नव्हे, पिठावरून कँडी ओळखायचं काम सरकारला नीट जमेल असं वाटत नाही म्हणून.

विकची यादी मात्र मला पटते. ती छोटी आहे, आयुष्यातल्या मोजक्या वर्षांपुरती आहे आणि सोबत वजन बघणारं, बोलणारं माणूस आहे. 2010 मध्ये विकमधल्या दोन ते चार वर्षांच्या मुलांत लठ्ठपणा 15.9 टक्के होता, 2016 मध्ये 13.9. त्याचं सगळं श्रेय 2009 च्या यादीला देता येणार नाही, पण यादीने नुकसान केलं असंही दिसत नाही.

अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी आणखी एक फरक महत्त्वाचा. एच-1बी किंवा विद्यार्थी व्हिसावरच्या माणसाला स्वतःसाठी स्नॅप मिळत नाही. तिथे जन्मलेल्या, म्हणून नागरिक असलेल्या मुलाला मात्र उत्पन्नात बसत असेल तर मिळू शकतं. विकच्या फेडरल नियमांत व्हिसाची अट नाही, म्हणून पीएचडीच्या तुटपुंज्या स्टायपेंडवर बाळ वाढवणारी जोडपी तिथे अर्ज करू शकतात. फक्त दुकानाच्या दारावर 'ईबीटी चालते' (म्हणजे स्नॅपचं कार्ड चालतं) अशी पाटी आहे म्हणून विकचं कार्ड काढू नका. विकसाठी दुकानाला वेगळी मान्यता लागते, ती आहे का हे आधी विचारा.