तुटक्या नेटवर मोठी फाइल

२ एमबीपीएसच्या नेटवर ४ जीबीची फाइल डाउनलोड व्हायला, सगळं सुरळीत चाललं तरी, साधारण साडेचार तास लागतात. येऊरच्या डोंगराआड मोबाइल डेटावर नेट एवढा वेळ सलग टिकेल असं धरून चालता येत नाही. म्हणून पद्धत निवडताना वेगाच्या आधी हे बघावं, की नेट तुटलं तर आलेल्यातलं किती वाया जातं.

साध्या लिंकच्या बाबतीत हे सर्व्हरवर अवलंबून असतं. अर्धवट फाइल पुढे न्यायची तर ब्राउझर 'अमुक बाइटपासून पुढचं दे' अशी मागणी करतो. सर्व्हरला ते जमत असेल तर २०६ हा कोड येतो आणि उरलेलाच भाग मिळतो. २०० आला की समजावं, पूर्ण फाइल पहिल्यापासून येतेय. कोड न बघताही हे कळतं: दहा-वीस एमबी आले की पॉज करा, वाय-फाय बंद करून पुन्हा लावा आणि रिझ्यूम करा. आकडा शून्यावर गेला तर ती लिंक सोडा. लॉगिननंतर मिळणाऱ्या लिंका बऱ्याचदा ठरावीक वेळाने मरतात. मग रिझ्यूम करताना ४०३ येतो. अशा वेळी अर्धवट फाइल डिलीट करू नका. नवी लिंक घेऊन डाउनलोड मॅनेजरमध्ये त्याच डाउनलोडचा पत्ता बदला.

एक्स्प्रेस पारसिकच्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर फोनला नवा आयपी पत्ता मिळाला, तर जुनी जोडणी गपचूप मेलेली असते. प्रोग्रामला याची खबरच नसते. 'डब्ल्यूगेट' हा कमांड देऊन चालवायचा डाउनलोड प्रोग्राम तर मूळ सेटिंगमध्ये ९०० सेकंद, म्हणजे पाव तास, नुसता वाट बघत बसतो. टाइमआउट, म्हणजे वाट बघायची मुदत, ३० सेकंदांवर आणा आणि प्रयत्नांची मर्यादा शून्य, म्हणजे अमर्याद, ठेवा. मूळ मर्यादा २० प्रयत्नांची आहे, खराब नेटवर ती रात्रीत संपते.

आणखी एक धोका आहे. मधल्या काळात सर्व्हरवरची फाइल बदलली, तर जुन्या अर्ध्याला नवं अर्धं चिकटतं. डब्ल्यूगेट हे ताडून बघत नाही. म्हणून शेवटी एसएचए-२५६, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा ओळखीचा आकडा, मूळ फाइलच्या आकड्याशी जुळवाच. विंडोजमध्ये 'सर्टयुटिल' ही कमांड तो काढून देते.

टोरंट, म्हणजे फाइलचे तुकडे अनेकांनी एकमेकांना देण्या-घेण्याची पद्धत, उपलब्ध असेल तर माझी पहिली पसंती त्यालाच. उबुंटू, लिब्रेऑफिस यांची अधिकृत टोरंट आहेत. तिथे फाइलचे तुकडे असतात आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे तपासला जातो, त्यामुळे बिघडलेला तेवढाच तुकडा पुन्हा येतो. ब्राउझरने उतरवलेली फाइल खराब निघाली तरी ती वाया जात नाही. टोरंटमधलं नाव तिला देऊन टोरंटच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि क्यूबिटटोरंट या टोरंट प्रोग्राममध्ये 'फोर्स रीचेक' (पुन्हा तपासणी) करा. बरोबर तुकडे तो ठेवतो, बाकीचे मागवतो. फक्त अपलोडला मर्यादा घाला. अपलोड तुंबलं की 'मिळालं' या पोचपावत्या उशिरा जातात आणि डाउनलोडही मंदावतं. पुरेसे सीडर, म्हणजे पूर्ण फाइल जवळ असून ती पुरवणारे, नसतील तर मात्र टोरंटचा उपयोग नाही.

फाइल पाठवणारे तुम्ही असाल, समजा बेलापूरच्या ऑफिसातून शहापूर-मुरबाडच्या लोकांना, तर सेव्हन-झिप या फाइल आवळणाऱ्या प्रोग्रामने १०० एमबीचे भाग करा आणि प्रत्येक भागाचा एसएचए-२५६ सोबत द्या. २ एमबीपीएसवर एक भाग सात मिनिटांच्या आत उतरतो. सर्व्हर रिझ्यूम देत नसला तरी नेट गेल्यावर नुकसान होतं ते त्या एका भागाचंच.