सरबत सकाळी गोड, संध्याकाळी कडू: मोसंबी-लिंबाची भानगड

मागच्या रविवारी संध्याकाळी आठ-दहा माणसं येणार होती म्हणून मी जास्तीचा शहाणपणा करून सकाळीच सरबत करून ठेवलं. मोसंबी घातलेलं लिंबू सरबत, हल्ली त्याला फ्रूट लेमनेड म्हणायची फॅशन आहे ते. सहा मोसंब्या सोलल्या, फोडी बियांसकट मिक्सरमध्ये टाकल्या, तीन लिंबं पिळली, साखर, मीठ, पुदिना, गाळलं, चाखलं, झकास झालं होतं, जग फ्रीजमध्ये. संध्याकाळी सहाला दिराने पहिला घोट घेतला आणि जे तोंड केलं ते बघून बाकीच्यांनी पेले हातातच धरून ठेवले. कारल्याचा रस बरा.

मग कारणमीमांसा सुरू. सासूबाई म्हणाल्या, "स्टीलच्या पातेल्यात गाळलंस ना, आंबट आहे ते, असंच होणार." शेजारच्या काकूंचं मत पडलं की सकाळपासून मीच इतकं कौतुक करत होते, दृष्ट लागली. आता दृष्ट काढायला लिंबू उतरवतात, लिंबाच्या सरबतालाच दृष्ट लागली तर काय उतरवायचं हे काही त्यांनी सांगितलं नाही. भांड्याचं म्हणाल तर बिनकल्हईच्या तांब्या-पितळेत आंबट ठेवू नये हे अगदी खरं, पण स्टीलवर त्याचा आळ नको. आणि नासलं म्हणावं तर नासलेलं सरबत आंबूस होतं, फसफसतं, ते कडू होत नाही. शिवाय जग सगळा वेळ फ्रीजमध्येच होता.

खरी गोष्ट अशी आहे की तो कडूपणा सकाळी रसात नव्हताच. तो नंतर, झाकलेल्या जगात तयार झाला. याला डिलेड बिटरनेस म्हणतात, म्हणजे उशिरा येणारा कडूपणा, आणि मला या प्रकाराचं इतकं प्रेम आहे की सरबत फुकट गेलं तरी चालेल.

कडू करणारा रेणू म्हणजे लिमोनिन. १८४१ मध्येच तो लिंबूवर्गीय फळांच्या बियांमधून वेगळा काढला होता, पण त्याची नेमकी रचना कळायला १९६० उजाडलं, इतका गुंतागुंतीचा रेणू आहे. हा ज्या घराण्यातला त्याचं नाव लिमोनॉइड, आणि याच घराण्यात कडुलिंबातली कडू द्रव्यंही येतात. म्हणजे पाडव्याला सकाळी जी पानं चावून तोंड वाकडं करतो आणि दुपारी वर जे सरबत पितो, दोघांची रसायनं चुलत भावंडं. झाडं हे बनवतात ते मुख्यतः किडींना पळवून लावायला.

आता गंमत बघा. बिया सोडल्या तर ताज्या फळात हे लिमोनिन जवळजवळ नसतंच. फोडीचं पातळ कातडं, सालीच्या आतला पांढरा कापसासारखा भाग आणि बिया, इथे असतो त्याचा बिनचवीचा पूर्वज, लिमोनोएट ए-रिंग लॅक्टोन. नावाला घाबरू नका. लॅक्टोन म्हणजे काय, तर एका लांब रेणूच्या एका टोकाला आम्लाचा गट आहे आणि दुसरीकडे हायड्रॉक्सिल, म्हणजे ओएच गट आहे, हे दोघं एकमेकांना भेटले की पाण्याचा एक रेणू बाहेर टाकून जोडले जातात आणि कडं तयार होतं, सापाने स्वतःची शेपटी तोंडात धरावी तसं. लिमोनिनमध्ये अशी दोन कडी आहेत, ए आणि डी. फळात असतो त्या पूर्वजाचं ए कडं मिटलेलं असतं आणि डी उघडं. उघडं असताना जिभेला काही कळत नाही. मिटलं की कडूजहर.

मग फळात ते मिटत का नाही? कारण त्या पेशींमध्ये हा पूर्वज आंबट रसापासून वेगळा, जवळजवळ उदासीन पीएचला असतो (पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट). तिथे आम्लाच्या गटाने आपला हायड्रोजन सोडून दिलेला असतो, त्याच्यावर ऋण भार असतो, आणि अशा अवस्थेत तो ओएचशी जोडून घ्यायला तयार होत नाही. तुम्ही फळ पिळता, मिक्सर फिरवता, पेशी फुटतात, पूर्वज थेट आंबट रसात येऊन पडतो, पीएच साडेसहाच्या खाली गेला की हायड्रोजन परत मिळतो आणि कडं मिटायला लागतं, त्यात फळाचंच एक एन्झाइम मदतीला असतं, लिमोनिन डी-रिंग लॅक्टोन हायड्रोलेज. (इथपर्यंत आलेल्यांना दंडवत, बाकीचे पुढच्या परिच्छेदात भेटतील.) हे सगळं एका क्षणात होत नाही, तास लागतात. म्हणून ताजा रस गोड आणि संध्याकाळचा कडू. मोसंबी तशी कमी आंबट, पण मी त्यात तीन लिंबं पिळून आंबटपणाची सोय आधीच करून ठेवली होती. लिंबाच्या रसाचा पीएच दोन-अडीचच्या आसपास असतो.

आणि जीभ किती तिखट बघा, लिमोनिन दहा लाख भागात जेमतेम काही भाग असलं तरी कळतं.

झाडाकडे यावर स्वतःचा उपाय आहे. फळ पिकत जातं तसं ते या पूर्वजावर ग्लुकोजचा एक रेणू चिकटवतं, मग ते कडं मिटूच शकत नाही आणि चवही येत नाही. म्हणून कच्च्या फळाचा रस जास्त कडू पडतो, पूर्ण पिकलेल्याचा कमी. आपण वरून साखर ओततो त्याने असलं काही होत नाही, फक्त कडूपणा झाकला जातो. मीठ मात्र जास्त हुशारीने काम करतं. सोडियममुळे कडू चव जिभेवर दबते आणि दाबलेला गोडपणा वर येतो, १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये यावरचा छोटासा प्रयोग आला होता. आपल्या आज्या सरबतात मिठाची चिमूट टाकायला कधी विसरल्या नाहीत, त्यांना सोडियम माहीत नव्हतं पण जीभ होती.

पपनस मात्र वेगळं प्रकरण. त्याचा कडूपणा नारिंजिनचा, तो पहिल्या घासालाच कळतो, वाट बघत नाही.

जाता जाता, दर उन्हाळ्यात तो फॉरवर्ड येतोच, लिंबूपाणी प्या, शरीर अल्कलाइन होतं, रोग पळतात. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ मध्ये फुप्फुसं आणि किडन्या सांभाळतात, तुमच्या पेल्याला विचारून नाही. फार तर लघवीचा पीएच थोडा वर जाईल. सरबत तहानेसाठी प्यावं, छान लागतं म्हणून प्यावं, एवढं कारण पुरे की.

तर दुसऱ्या दिवशी नववीतल्या भाचीला घेऊन बसले. तीन पेले. पहिल्यात मोसंबी आडवी कापून हाताने हलके पिळलेली, बिया नाहीत. दुसऱ्यात फोडी बियांसकट मिक्सरमधून. तिसऱ्यात दुसऱ्यासारखंच, वर एक लिंबू. लगेच चाखलं तेव्हा तिन्ही ठीक, दुसरा जरा उग्र, बिया फुटल्या होत्या. चार तासांनी पहिला अजून पिण्यासारखा होता, दुसरा कडवट, तिसऱ्याचा एक चमचा घेऊन भाची बेसिनकडे पळाली आणि तिथून ओरडली, "मावशी, तूच पी तुझं विज्ञान!"

आता मी असं करते. साखरेचा पाक, एक वाटी साखरेला पाऊण वाटी पाणी, त्यात अर्धा चमचा मीठ आणि लिंबाच्या सालीचा नुसता वरचा रंगीत भाग किसून, पांढरा अजिबात नाही. गार झाला की गाळून फ्रीजमध्ये, महिनाभर राहतो. मोसंबी आणि लिंबू पाहुणे दारात आले की पिळायचं, दाबून शेवटचा थेंब काढायचा लोभ करायचा नाही. आणि आधी करून ठेवायचंच असेल तर कलिंगडाचा रस काढून ठेवायचा, त्यात लिमोनॉइड नाहीत, बिया तेवढ्या आधी काढा. लिंबू त्यातही आयत्या वेळीच.

सासूबाईंनी परवा पाक केला तो स्टीलच्याच पातेल्यात. मी काही बोलले नाही.