एडिनबरा आणि ग्लासगोत बजेट हॉटेल निवडताना
आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

स्कॉटलंडमध्ये तीन-चार दिवस राहायचं ठरलं की आमच्या ऑफिसात पहिला प्रश्न येतो तो दराचा. शंभर पौंडांच्या आत चांगलं हॉटेल मिळेल का? मिळतं. पण दर पाहण्याआधी दोन गोष्टी पक्क्या कराव्यात, असा आमचा आग्रह असतो: कोणत्या तारखांना जायचं आणि हॉटेल शहरात नेमकं कुठे हवं. प्रीमियर इन, ट्रॅव्हलॉज, आयबिस, मोटेल वन, हॉलिडे इन एक्सप्रेस या साखळी हॉटेलांच्या खोल्यांमध्ये तसा फार फरक नसतो. स्वच्छ गादी, टीव्ही, बहुतेक ठिकाणी चहाची किटली, नीटनेटकी बाथरूम. सहल सुखाची झाली की दमछाक झाली, हे खोलीपेक्षा जागेवर आणि तारखेवर जास्त ठरतं. म्हणून या पत्रकात खोलीबद्दल थोडं आणि बाकीचं जास्त लिहिलं आहे.

तारीख

एडिनबरात ऑगस्ट महिना वेगळाच असतो. १९४७ साली सुरू झालेला आंतरराष्ट्रीय महोत्सव, त्याच वर्षी त्याच्या शेजारी उभा राहिलेला फ्रिंज नाट्यमहोत्सव आणि किल्ल्यापुढच्या पटांगणात होणारा लष्करी बँडचा मिलिटरी टॅटू, हे सगळं एकाच महिन्यात येतं. एरवी परवडणाऱ्या खोलीचा दर तेव्हा सहज दुप्पट-तिप्पट होतो आणि चांगल्या जागा कित्येक महिने आधी संपतात. महोत्सव पाहायचाच असेल तर जरूर जा, तसा माहोल दुसरीकडे मिळायचा नाही. नुसतं शहर पाहायचं असेल तर मात्र ऑगस्ट सोडा. मे किंवा सप्टेंबर आम्हाला सगळ्यात चांगले वाटतात.

वर्षअखेरीलाही तेच. ३१ डिसेंबरच्या उत्सवाला तिथे हॉगमने म्हणतात, आणि त्याच्या आगेमागे दोन-तीन रात्री दर आभाळाला भिडतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये मरेफील्ड स्टेडियमवर रग्बीचा मोठा सामना असेल तर त्या शनिवार-रविवारी जवळच्या हेमार्केट भागात खोली मिळणं कठीण. ग्लासगोत हायड्रो सभागृहात किंवा हॅम्पडन पार्क स्टेडियमवर मोठा कार्यक्रम असला की तसंच होतं. २०२६ मध्ये २३ जुलै ते २ ऑगस्ट ग्लासगोत राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा आहेत, तेव्हा त्या दिवसांचं बुकिंग शेवटच्या क्षणावर ठेवू नका.

मुलांच्या पदवीदानाला जाणाऱ्या आई-वडिलांनी एक लक्षात ठेवावं. एडिनबरा विद्यापीठाचे समारंभ मॅकएवन हॉलमध्ये होतात. एक वर्षाच्या मास्टर्सवाल्या मुलांचा बहुधा नोव्हेंबरच्या सुमारास येतो. एरवी नोव्हेंबर स्वस्त असतो, पण समारंभाच्या आठवड्यात विद्यापीठाच्या आसपासची हॉटेलं पालकांनीच भरलेली असतात. मुलाला तारीख कळली की त्याच दिवशी आम्हाला कळवा. तिकिटाचं नंतर पाहता येईल, आधी खोली धरून ठेवू.

आठवड्यातले वारही पाहा. शुक्रवार आणि शनिवार सगळ्यात महाग, रविवारची रात्र बहुधा सगळ्यात स्वस्त. रविवारी पोहोचून गुरुवारी निघालात तर त्याच हॉटेलात बरीच बचत होते. हिवाळ्यातल्या स्वस्ताईला मात्र दुसरी बाजू आहे. डिसेंबरच्या अखेरीस एडिनबरात सूर्य पावणेचारच्या सुमारास मावळतो. उरलेली संध्याकाळ अंधारात आणि गारठ्यात जाते, त्यामुळे हिवाळ्यात हॉटेल शहराच्या मध्यात असण्याला दुप्पट किंमत आहे.

एडिनबरातली जागा: नकाशात न दिसणारा चढ

एडिनबरा एका पातळीवर वसलेलं नाही, आणि मोबाइलवरच्या नकाशात ते कळत नाही. वेव्हर्ली हे मुख्य स्टेशन खोलगट भागात आहे. तिथे पूर्वी तळं होतं, ते आटवून ती जागा तयार झाली. स्टेशनच्या एका अंगाला चढून गेलं की प्रिन्सेस स्ट्रीट आणि न्यू टाउन, दुसऱ्या अंगाला चढून गेलं की रॉयल माइल आणि ओल्ड टाउन. रॉयल माइलवरचं हॉटेल स्टेशनपासून 'पाच मिनिटांवर' असं जाहिरातीत लिहिलेलं असतं. ती पाच मिनिटं बऱ्याचदा फ्लेशमार्केट क्लोजसारख्या अरुंद बोळातून जातात. तिथे दगडी पायऱ्या सरळ वर चढतात, पावसात त्या निसरड्या होतात, आणि हातात तेवीस किलोची बॅग असली की पर्वती चढल्यासारखं वाटतं. सामान घेऊन तो रस्ता धरू नका. स्टेशनवरून टॅक्सी करा, किंवा कॉकबर्न स्ट्रीटच्या वळणदार चढाने सावकाश या.

दुसरा घोटाळा पुलांचा. साउथ ब्रिज हा १७८८ साली वाहतुकीला खुला झालेला पूल आहे. त्याला १९ कमानी आहेत, पण दोन्ही बाजूंना इमारती खेटून बांधल्यामुळे एकच कमान डोळ्यांना दिसते. वरून चालताना आपण पुलावर आहोत हे कळतही नाही. ती दिसणारी कमान काउगेट नावाच्या रस्त्यावर आहे. नकाशात काउगेट आणि साउथ ब्रिज एकमेकांना छेदतात, प्रत्यक्षात एक रस्ता दुसऱ्याच्या कित्येक फूट खाली आहे. काउगेटवरच्या हॉटेलातून वरच्या बसथांब्यावर जायचं तर शेजारच्या चढावरून किंवा पायऱ्यांनी वळसा घालावा लागतो. शिवाय काउगेट आणि ग्रासमार्केट हे पबचे भाग आहेत, शुक्रवार-शनिवारी मध्यरात्रीनंतरही रस्त्यावर आरडाओरडा चालू असतो. तरुण मंडळी असतील तर हरकत नाही. लहान मूल किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर आम्ही तिथली खोली सुचवत नाही, दर कितीही चांगला असला तरी.

मग सुचवतो कुठे? पहिली पसंती हेमार्केट. ग्लासगोहून येणाऱ्या बहुतेक गाड्या इथे थांबतात, विमानतळाची ट्राम दारात आहे, आणि प्रिन्सेस स्ट्रीट ट्रामने दुसराच थांबा. परिसर बराचसा सपाट, हॉटेलं भरपूर. किल्ला खिडकीतून दिसणार नाही, एवढंच. दुसरी पसंती लीथ वॉक या रस्त्याचा पट्टा. २०२३ च्या जूनमध्ये ट्राम न्यूहेवनपर्यंत वाढली, तेव्हापासून हा भाग खऱ्या अर्थाने जवळ आला. बाल्फर स्ट्रीट किंवा फूट ऑफ द वॉक या थांब्यांजवळ राहिलात तर शहराच्या मध्यातला सेंट अँड्र्यू स्क्वेअर दहा-बारा मिनिटांत गाठता येतो. तिसरी न्यूइंग्टन, म्हणजे विद्यापीठाच्या दक्षिणेकडचा भाग. मिंटो स्ट्रीटवर जुन्या घरांमध्ये चालवलेली गेस्ट हाऊस ओळीने आहेत, बस सतत असतात.

विमानतळाजवळचं हॉटेल स्वस्त दिसलं म्हणून घेऊ नका. ट्रामच्या तिकिटात विमानतळाचा थांबा शहराच्या झोनबाहेर धरतात आणि त्याचं भाडं बरंच जास्त असतं. चार माणसांचं रोजचं येणं-जाणं धरलं की दरातला फायदा उरत नाही. पहाटेचं विमान असेल तर शेवटच्या एका रात्रीपुरतं ते ठीक. ट्रामचं तिकीट चढण्याआधीच काढायचं असतं, हेही इथेच सांगून ठेवतो.

ग्लासगो

एडिनबराचे दर आवाक्याबाहेर गेले की आम्ही ग्लासगोत मुक्काम सुचवतो. क्वीन स्ट्रीट स्टेशनवरून एडिनबरा साधारण पन्नास मिनिटांवर आहे. स्कॉटरेल या रेल्वे कंपनीने १ सप्टेंबर २०२५ पासून गर्दीच्या वेळचं जादा भाडं कायमचं बंद केलं, त्यामुळे सकाळी लवकर निघालं तरी तिकीट महाग पडत नाही. मात्र रात्री उशिराचा कार्यक्रम पाहणार असाल तर शेवटच्या गाडीची वेळ आधी बघून ठेवा.

ग्लासगोत सेंट्रल आणि क्वीन स्ट्रीट या दोन स्टेशनांच्या मधला भाग मुक्कामाला सगळ्यात सोयीचा. दोन्ही स्टेशनं एकमेकांपासून चालत दहा मिनिटांवर आहेत. पश्चिमेला चॅरिंग क्रॉसपाशी एम-८ हा मोटरवे शहर कापून जातो. त्याच्या पलीकडचं हॉटेल नकाशात जवळ वाटलं तरी वाटेत हमरस्त्यावरचा पूल ओलांडावा लागतो, आणि रात्री तिथून चालणं फारसं सुखाचं नाही. वेस्ट एंड या पश्चिमेकडच्या भागात राहायचं तर हिलहेड किंवा केल्विनहॉल या सबवे स्टेशनांजवळ बघा. विद्यापीठ आणि केल्विनग्रोव्ह संग्रहालय तिथून पायी आहे, आणि संग्रहालयाला प्रवेशमूल्य नाही. १८९६ साली सुरू झालेली ही सबवे म्हणजे पंधरा स्टेशनांचं एकच वर्तुळ, चुकायला जागाच नाही. रविवारी ती संध्याकाळी लवकर बंद होते, तेवढं ध्यानात असू द्या.

दिसलेला दर आणि भरायची रक्कम

एडिनबरा महापालिकेने व्हिजिटर लेव्ही नावाचा ५ टक्के कर लावला आहे. २४ जुलै २०२६ पासूनच्या मुक्कामांना, १ ऑक्टोबर २०२५ किंवा त्यानंतर बुकिंग केलं असेल तर तो लागू होतो. कर राहण्याच्या खर्चावर आहे, जेवणखाण त्यात धरत नाहीत. समजा ९० पौंडांची खोली तीन रात्री घेतली, तर २७० पौंडांवर साधारण साडेतेरा पौंड वाढतील. सलग मुक्कामात पहिल्या पाच रात्रींवरच कर आहे, त्यापुढच्या रात्रींवर नाही. ग्लासगोतही ५ टक्क्यांचा असाच कर २५ जानेवारी २०२७ पासून ठरला आहे. वेबसाइटवर दिसणाऱ्या दरात तो धरलाय की हॉटेलवर वेगळा घेणार, हे आम्ही प्रत्येक बुकिंगच्या वेळी विचारून घेतो. तुम्ही स्वतः बुकिंग करणार असाल तर तुम्हीही विचारा.

नाश्त्याचं तसंच. हॉलिडे इन एक्सप्रेसमध्ये तो दरात धरलेला असतो. प्रीमियर इनमध्ये वेगळे पैसे पडतात, पण पैसे भरून नाश्ता घेणाऱ्या एका मोठ्या माणसाबरोबर दोन मुलांना फुकट मिळतो. दोन मुलं असलेल्या कुटुंबाला हा हिशेब करून पाहण्यासारखा आहे.

सगळ्यात कमी दिसणारा दर बहुधा रद्द न करता येणारा असतो. व्हिसा हातात पडेपर्यंत तो घेऊ नका, आमचा याबाबतीत ठाम सल्ला आहे. व्हिसा उशिरा आला तर हॉटेल एक पौंडही परत देत नाही. चार-सहा पौंड जास्त गेले तरी रद्द करता येणारं बुकिंग घ्यावं.

खोलीत काय पाहायचं

काही बजेट हॉटेलांत सगळ्यात स्वस्त खोलीला खिडकी नसते. तसं लिहिलेलं असतं, पण बारीक अक्षरात. एका रात्रीला चालेल, तीन रात्री कोंडल्यासारखं होतं. खिडकी असली तर जूनमध्ये उलट अडचण येते. पहाटे साडेचारला उजाडतं आणि रात्री दहापर्यंत उजेड असतो, तेव्हा जाड पडदे आहेत का ते पाहावं. एसी नसला तर घाबरू नका, तिथे गरज हीटरची असते.

'डबल' म्हणजे एक मोठा पलंग, 'ट्विन' म्हणजे दोन वेगळे. आई आणि मुलगी, दोन मैत्रिणी, सासरे आणि जावई असे जाणार असाल तर ट्विनच मागा आणि ते बुकिंगवर लिहून आलंय का बघा. एका खोलीत जादा गादी टाकून चौघं, ही आपल्याकडची सोय तिथे चालत नाही. आगीसंबंधीच्या नियमांमुळे खोलीची माणसं ठरलेली असतात.

जुन्या घरांतल्या गेस्ट हाऊसमध्ये यजमान आपुलकीने विचारपूस करतात, नाश्ता ताजा करून वाढतात. मात्र तिथे लिफ्ट क्वचितच असते आणि खोली तिसऱ्या मजल्यावर, अरुंद जिन्याने जाण्याजोगी असू शकते. गुडघेदुखी असणाऱ्यांसाठी आम्ही आधी फोन करून तळमजल्याची खोली मागून घेतो. बाथरूममध्ये टब असेल तर त्याची कड ओलांडून आत उतरावं लागतं, म्हणून ज्येष्ठांसाठी नुसता शॉवर असलेली खोली बरी. जेट स्प्रे बहुतेक कुठेच नसतो, त्यामुळे एक छोटा मग बॅगेत टाकाच. खोलीत उदबत्ती लावू नका. धुराचा अलार्म वाजला की अख्खं हॉटेल रस्त्यावर येतं.

फ्लॅट किंवा घर भाड्याने घेणार असाल तर जाहिरातीत परवान्याचा क्रमांक आहे का ते पाहा. स्कॉटलंडमध्ये अशा अल्पमुदतीच्या भाड्याला परवाना लागतो आणि तो क्रमांक जाहिरातीत द्यावाच लागतो. क्रमांक नसेल तर सोडून द्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत एडिनबरा विद्यापीठ पोलॉक हॉल्स या वसतिगृहातल्या खोल्या पाहुण्यांना देतं. आर्थर्स सीट या टेकडीच्या पायथ्याशी, शांत जागा आहे. आम्हाला ती मनापासून आवडते.

नाश्त्याची थाळी

स्कॉटिश नाश्त्यात सॉसेज आणि बेकनशिवाय हॅगिस आणि ब्लॅक पुडिंग असतं. हॅगिस मेंढीचं काळीज, यकृत आणि फुप्फुस ओटमध्ये शिजवून करतात, ब्लॅक पुडिंग डुकराच्या रक्ताचं असतं. मांसाहार करणाऱ्यांनीही आधी माहीत करून घेऊन मग चाखावं. शाकाहारी हॅगिस सर्रास मिळतं. डाळी, ओट आणि मसाल्याचं असल्यामुळे आपल्या जिभेला ते रुचतं. बटाट्याचा टॅटी स्कोन, भाजलेले टोमॅटो, मशरूम, बीन्स आणि ओटची लापशी यांवर शाकाहारी माणसाचं पोट व्यवस्थित भरतं. टॅटी स्कोन बेकनच्याच तव्यावर भाजतात का, हे मात्र विचारा. नाश्ता नसलेली खोली घेतली तर जवळ सुपरमार्केट हवं, दही-दूध-फळं तिथून आणता येतात.

खोली मिळण्याची वेळ बहुतेक ठिकाणी दुपारी तीन. लंडनहून सकाळची गाडी पकडलीत तर साधारण साडेचार तासांनी वेव्हर्लीला उतराल आणि खोली तयार नसण्याची शक्यता आहे. बॅगा हॉटेलच्या स्वागतकक्षात ठेवून घेतात का, हे आम्ही विचारून ठेवतो. वेव्हर्ली स्टेशनवरही पैसे भरून सामान ठेवायची सोय आहे.

आम्हाला फोन कराल तेव्हा एवढं जवळ ठेवा: जायच्या तारखा आणि त्या पुढेमागे किती हलू शकतात, मुलांची वयं, कोणाला जिने चढायला त्रास होतो का, शाकाहारी किती, आणि सामानाच्या बॅगा किती. दोन हॉटेलं निवडून, कर आणि नाश्त्यासकट एकूण रकमेचा कागद आम्ही तुम्हाला पाठवू.